जपानी अद्भुतकथा: कुठून सुरुवात करायची आणि पाय कुठे घसरतो

एक अस्वल शेजारच्या घरात राहायला येतं, आपल्याला नदीकाठी फिरायला नेतं, मासा पकडतं, आणि संध्याकाळी निरोप घेतं. कथा संपली. "बरं, मग?" असं म्हणून इथेच पुस्तक मिटणारे वाचक पुष्कळ आहेत. त्यांचं वाचन कमी पडत नाही, त्यांचा पहिला प्रश्न चुकतो. "अस्वल म्हणजे नक्की कशाचं प्रतीक?" असं विचारलं की कथा दार लावून घेते. "अस्वलाशी शेजारी कसे वागतात?" असं विचारलं की ती बोलायला लागते. खालचा सगळा क्रम या दुसऱ्या प्रश्नाच्या सोयीने लावला आहे. रोज अर्धा-पाऊण तास दिला तर महिनाभरात पुरा होतो.

काय लागेल

- एक वही. पानावर उभी रेघ मारा. डावीकडे "अशक्य ते काय घडलं", उजवीकडे "त्यावर कोण काय बोललं, काय केलं".
- इंग्रजी अनुवाद. निदान एका कथेचे दोन वेगवेगळ्या अनुवादकांनी केलेले मिळवा. का ते आठव्या पायरीत येईल.
- जपानचा नकाशा. तोक्यो, क्योतो आणि ईशान्येचा इवाते प्रांत ठळक करून ठेवा.
- जपानी येत असेल तर आओझोरा बुंको हे मोफत ई-ग्रंथालय. २०१८च्या अखेरीस जपानने स्वामित्वहक्काची मुदत लेखकाच्या मृत्यूनंतर ५० वर्षांवरून ७० वर केली, पण आधी मुक्त झालेलं मुक्तच राहिलं. त्यामुळे १९६७पर्यंत वारलेल्यांचं लेखन तिथे असू शकतं. मुराकामी किंवा कावाकामी असे आजचे लेखक "फुकट" मिळाले, तर ती चोरीची प्रत समजा.
- प्रत्येक कथेसाठी दोन बैठका. पहिल्या बैठकीत पेन्सिल उचलायची नाही. वही दुसऱ्या दिवशी भरायची.

१. नावं आणि सनावळी आधी सोडवून घ्या

जपानीत आडनाव आधी येतं. इंग्रजी पुस्तकं ते बरेचदा उलटवतात, म्हणून ग्रंथालयात शोधताना दोन्ही क्रमांनी शोधा. नात्सुमे सोसेकीतलं सोसेकी हे टोपणनाव आहे आणि सगळे त्याला त्याच नावाने ओळखतात. अकुतागावा र्‍युनोसुके मात्र आडनावाने ओळखला जातो, आणि मियाझावा केंजी पुन्हा नावाने. यात नियम शोधू नका, पाठ करा.

उच्चाराच्या बाबतीत आपल्याला घरचा फायदा आहे. इंग्रजी वाचक 'त्सु'ला अडखळतो. आपल्याकडे 'चूल' म्हणताना जीभ जवळपास तिथेच लागते. 'मियाझावा'तला 'झा' हा 'झाड'मधला.

कथांत सन येतो तो सम्राटाच्या कारकिर्दीचा. आरंभाच्या वर्षात आकडा मिळवायचा आणि एक वजा करायचा. मेइजी १८६८, ताइशो १९१२, शोवा १९२६, हेइसेइ १९८९, रेइवा २०१९. शकात ७८ मिळवून इसवी सन काढण्याची सवय असलेल्याला हे जड नाही. मापंही लिहून ठेवा: सुन म्हणजे सुमारे ३ सेंटिमीटर, शाकु सुमारे ३०, आणि री म्हणजे जवळजवळ ४ किलोमीटर. ही मापं शोभेची नसतात. अकुतागावाच्या एका कथेत भिक्षूचं नाक पाच-सहा सुन लांब आहे. १५ ते १८ सेंटिमीटर हे डोळ्यांपुढे आणल्याशिवाय जेवताना ते नाक फळीने उचलून धरणाऱ्या शिष्याचे हाल कळत नाहीत.

२. समोर कोण आहे ते ओळखा

कोकणात मुंजा, हडळ, समंध, गिऱ्हा आणि चकवा यांत कुणी गल्लत करत नाही. प्रत्येकाची जागा वेगळी, खोड वेगळी, उतारा वेगळा. जपानी कथेतही तेवढीच काटेकोर वाटणी आहे, आणि इंग्रजी अनुवादात ती 'घोस्ट' या एका शब्दाखाली दडपली जाते.

युरेइ म्हणजे एका विशिष्ट मेलेल्या माणसाचं भूत. त्याचं काम ठरलेल्या माणसाशी असतं आणि ते त्याच्या मागे जातं. योकाइचं नातं बहुधा जागेशी किंवा वेळेशी असतं: उतार, पूल, तिन्हीसांजा. तिथून जो जाईल तो सापडेल. कोल्हा (कित्सुने), तानुकी (कुत्र्याच्या कुळातलं एक जनावर) आणि मुजिना ही रूप बदलून चकवणारी जनावरं. कामी म्हणजे देव, पण झाडाला, दगडाला, धबधब्यालाही कामी असतो, आणि तो भलाच असेल असं नाही. शंभर वर्षं जुनी झालेली भांडीकुंडी जिवंत होतात, त्यांना त्सुकुमोगामी म्हणतात.

इथला सापळा म्हणजे आपली नावं चिकटवणं. पाण्यात ओढतो म्हणून कप्पा या पाण्यातल्या योकाइला गिऱ्हा म्हणून मोकळं व्हावंसं वाटतं. पण कप्पाच्या टाळूवर पाण्याची वाटी असते आणि ते सांडलं की त्याची ताकद जाते. म्हणून तो वाकून नमस्काराला नमस्कार करतो तेव्हा फसतो. शिष्टाचारामुळे हरणारं भूत आपल्याकडे सहसा नाही. तुलना कामाची आहे, पण ती वहीच्या समासात ठेवा.

आणखी एक: भुतांच्या गोष्टींचा जपानमधला हंगाम उन्हाळा. पूर्वज घरी येतात तो ओबोन बहुतेक ठिकाणी ऑगस्टच्या मध्यात असतो. तेव्हा कथेत घाम, डास आणि कागदी कंदील दिसले की सावध व्हा.

३. पहिली कथा: "मुजिना"

लाफ्कादिओ हर्न (१८५०–१९०४) हा ग्रीसमध्ये जन्मलेला, १८९०मध्ये जपानला जाऊन तिथलाच झालेला लेखक. त्याच्या बऱ्याच गोष्टींमागे त्याची पत्नी सेत्सु हिचं सांगणं आहे. "क्वाइदान" हा त्याचा संग्रह १९०४चा. तो मुळात इंग्रजीत लिहिलेला आणि आता मुक्त आहे, म्हणून सुरुवात इथून.

"मुजिना" दोन-तीन पानांची आहे. तोक्योत अकासाकाच्या रस्त्यावर एक उतार, कडेला खंदक. म्हातारा व्यापारी रात्री जात असताना एक बाई रडताना दिसते. तो विचारपूस करतो. ती वळते, हात चेहऱ्यावरून फिरवते, आणि तिथे डोळे, नाक, तोंड काहीच नसतं. तो धावत सुटतो, सोबा (शेवयांसारखा पदार्थ) विकणाऱ्याच्या दिव्यापाशी पोचतो, धापा टाकत सांगू लागतो. विक्रेता विचारतो, "तिने दाखवलं ते असं होतं का?" आणि दिवा विझतो.

आता शीर्षक बघा. मुजिना हे बिजूसारखं जनावर, आणि कथेत जनावर एकदाही दिसत नाही. जपानी वाचकाला शीर्षकातच उलगडा मिळालेला असतो: हा त्या जनावराचा खेळ, दोन्ही रूपं त्याचीच. परदेशी वाचकांनी मात्र 'मुजिना म्हणजे चेहरा नसलेलं भूत' असा समज करून घेतला. अशा चेहऱ्याचं खरं नाव नोप्पेराबो. एवढ्याशा कथेतून एक सवय लावून घ्या: शीर्षकातला अनोळखी शब्द वाचायला बसण्याआधी शोधायचा.

४. सोसेकीची दहा स्वप्नं, रोज एकच

"युमे ज्युया" म्हणजे दहा रात्रींची स्वप्नं. १९०८च्या जुलै-ऑगस्टमध्ये ती आसाही वृत्तपत्रात क्रमशः आली. प्रत्येक स्वप्न काही पानांचंच. एका बैठकीत दहाही वाचली तर एकमेकांत कालवली जातात. वर्तमानपत्राच्या वाचकासारखं रोज एक वाचा.

तिसऱ्या स्वप्नावर दोन दिवस घालवा. निवेदक सहा वर्षांच्या मुलाला पाठीवर घेऊन चाललाय. मूल त्याचंच आहे एवढं त्याला ठाऊक आहे. कधीतरी त्या मुलाचे डोळे गेलेत आणि डोकं तुळतुळीत झालंय. आवाज पोराचा, बोलणं बरोबरीच्या माणसाचं. "शेतात आलो ना," मूल म्हणतं. कसं कळलं असं विचारल्यावर म्हणतं, "बगळा ओरडतोय की." आणि मग बगळा ओरडतो. उत्तर आधी, आवाज नंतर. ही अदलाबदल पहिल्या वाचनात बहुतेकांच्या नजरेतून सुटते, आणि पुढची सगळी भीती तिथून सुरू होते.

शेवटी एका झाडाच्या मुळाशी मूल म्हणतं की तू मला मारलंस ते बुन्का पाचमध्ये, बरोबर शंभर वर्षांपूर्वी. बुन्काचा आरंभ १८०४, म्हणून बुन्का पाच म्हणजे १८०८. कथा छापली गेली १९०८मध्ये. त्या सकाळी पेपर उघडणाऱ्याला हा हिशेब वहीशिवाय जमत होता. तळटीप न वाचणाऱ्या आपल्याला तो कळतच नाही. आणि मग पाठीवरचं मूल दगडी जिझोसारखं जड होतं. जिझो हा मेलेल्या लेकरांना सांभाळणारा बोधिसत्त्व, रस्त्याकडेला त्याच्या दगडी मूर्ती असतात. अनुवादात नुसतं 'दगडासारखं' आलं असेल तर त्या शब्दातलं निम्मं वजन सांडलंय.

५. अकुतागावा, आणि त्याच्यामागची भारतातून आलेली वाट

अकुतागावाच्या (१८९२–१९२७) अनेक कथांचं बीज "कोनजाकु मोनोगातारिशु" या बाराव्या शतकातल्या संग्रहात आहे. ३१ खंड, त्यातले तीन हरवलेले, आणि हजारावर गोष्टी. पहिले पाच खंड तेंजिकुचे. तेंजिकु म्हणजे भारत. त्यानंतर चीन, मग जपान. प्रत्येक गोष्ट "आता हे जुनं झालं" अशा ठराविक शब्दांनी सुरू होते आणि "असं सांगत आले आहेत" अशा अर्थाच्या शब्दांनी संपते. आटपाट नगर आणि साठा उत्तराची कहाणी ऐकत वाढलेल्याला हा साचा परका वाटू नये.

तेंजिकुच्या भागात चंद्रावर गेलेला ससा भेटेल. आपण चंद्राला शशांक म्हणतो ते उगाच नाही. मगरीला फसवून काळीज वाचवणारं माकडही आहे, फक्त मगरीच्या जागी कासव. आणि पाचव्या खंडात एकशिंगी तपस्वी आहे, म्हणजे आपला ऋष्यशृंग. महाभारतातल्या गोष्टीत पाऊस नाही म्हणून त्याला भुलवून आणतात. जपानपर्यंत पोचलेल्या रूपात दुष्काळाला कारणही तोच: पावसाने निसरड्या झालेल्या डोंगरात तो घसरून पडतो, रागावतो, आणि पाऊस पाडणाऱ्या नागराजांना कमंडलूत कोंडतो.

वाचायच्या कथा तीन, याच क्रमाने: "कोळ्याचा धागा" (१९१८), "नाक" (१९१६), "झाडीत" (१९२२). "झाडीत"मध्ये एका खुनाबद्दल सात जबान्या आहेत आणि शेवटची खुद्द मेलेल्या माणसाची, देवऋषीणीच्या तोंडून. खरं काय घडलं ते शोधण्यात वेळ घालवू नका, सातही जबान्या जुळणार नाहीत अशीच रचना आहे. वहीत एवढंच लिहा की मेलेल्याची साक्ष इतर सहांच्याच रांगेत, तेवढ्याच मानाने बसवली आहे, आणि त्याबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही. अद्भुत ते तिथे आहे.

६. तोनोची नव्याण्णवावी गोष्ट

लोककथांचा अभ्यासक यानागिता कुनिओने इवातेतल्या तोनो भागातल्या ११९ गोष्टी तिथल्याच सासाकी किझेन या तरुणाकडून ऐकून १९१०मध्ये छापल्या. काही दोन-चार ओळींच्या आहेत. सगळं पुस्तक एका दमात वाचलं तर यादी वाचल्यासारखं होतं. नव्याण्णवावी उघडा.

फुकुजी किनाऱ्यावरच्या गावी घरजावई गेलेला. जून १८९६च्या त्सुनामीत बायको आणि एक मूल गेलं. उरलेल्या दोन मुलांना घेऊन तो जुन्या घराच्या जागी खोपटं बांधून राहतो. पुढच्या वर्षीच्या उन्हाळ्याच्या तोंडी, चांदण्या रात्री तो शौचाला उठतो. वाट समुद्रालगतची, धुकं पडलेलं. समोरून एक बाई आणि एक बाप्या येतात. बाई त्याची बायको. तो मागोमाग जातो, नावाने हाक मारतो, ती वळून हसते. सोबतचा पुरुष त्याच गावचा, त्याच लाटेत गेलेला. लग्नाआधी हिचं त्याच्यावर मन होतं असं फुकुजीच्या कानावर आलेलं असतं. ती म्हणते, "आता मी यांची बायको आहे." फुकुजी म्हणतो, "पोरांची माया नाही का तुला?" तिचा चेहरा जरा उतरतो आणि ती रडते. तो खाली आपल्या पायांकडे बघतो तेवढ्यात दोघं भराभर निघून जातात. थोडं धावल्यावर ही मेलेली माणसं असल्याचं त्याच्या लक्षात येतं. पहाटेपर्यंत तो वाटेवर उभा राहतो, मग घरी येतो आणि पुष्कळ दिवस आजारी पडतो.

वहीचा उजवा रकाना इथे भरून वाहील. मेलेल्या बायकोला तो 'तू जिवंत कशी?' असं विचारत नाही, पोरांबद्दल विचारतो. नवराबायकोचं भांडण आधी, मरण नंतर लक्षात येतं. महिन्यात एकच पान वाचायला वेळ मिळणार असेल तर हे वाचा.

७. मियाझावा केंजी: दारावरच्या पाट्या

केंजी (१८९६–१९३३) त्याच इवातेतला, हानामाकीचा. त्याची "फर्माइशींचं हॉटेल" ही कथा १९२४च्या संग्रहात आहे. तोक्योचे दोन शौकीन शिकारी डोंगरात वाट चुकतात. त्यांची कुत्री फेस येऊन मरतात, तेव्हा हे नुकसान मोजतात: एकाचे २४०० येन गेले, दुसऱ्याचे २८००. मग समोर एक विलायती थाटाचं हॉटेल. दारामागून दार, आणि प्रत्येकावर पाटी. लठ्ठ आणि तरुण मंडळींचं विशेष स्वागत. केस विंचरा, बंदुका ठेवा, बूट काढा, धातूचं सगळं उतरवा, अंगाला साय चोळा, कानांनाही लावली ना, आता मीठ.

मूळ शब्द 'चूमोन': गिऱ्हाइकाने दिलेली ऑर्डर आणि समोरच्याकडून केलेली मागणी, दोन्ही. इंग्रजीला इथे कसरत करावी लागते; मराठीत 'फर्माइश' बऱ्यापैकी पेलते. दुसऱ्या वाचनात पाट्या क्रमाने उतरवा आणि प्रत्येकीपुढे शिकाऱ्यांनी स्वतःची काढलेली समजूत लिहा. आत कुणी बडा माणूस आला असेल, बाहेर थंडी म्हणून साय असेल... माणसं समजुती कशा रचतात त्याची ती यादी होते. शेवटी मेलेली कुत्री दार फोडून येतात. कशी, ते सांगितलेलं नाही आणि शोधू नका. नंतर शिकारी तोक्योला परततात, गरम पाण्याने अंघोळही करतात, पण भीतीने कागदासारखे चुरगळलेले त्यांचे चेहरे पूर्ववत होत नाहीत.

बालकथा म्हणून केंजीला पुढच्या वेळेवर ढकलणं ही नवख्यांची नेहमीची चूक.

८. अनुवाद शेजारी शेजारी ठेवा

आता दोन अनुवाद काढा. पूर्ण कथा नको, पहिली दोन पानं पुरेत. तीन ठिकाणी बोट ठेवा.

पहिलं, आवाजाचे शब्द. जपानी भाषा किर्र, सळसळ, लख्ख, गच्च अशा शब्दांवर जगते, मराठीसारखीच. केंजीची एक वाऱ्याची कथा "दोद्दोदो दोदोऽदो दोदोऽदो दोदोऽ" अशी उघडते. इंग्रजी अनुवादक बरेचदा तिथे क्रियाविशेषण ठेवून पुढे जातो. समासात आपला शब्द लिहा, वाक्याला लगेच रंग चढतो.

दुसरं, कर्ता. जपानी वाक्यात 'मी', 'तो' गाळले तरी चालतात आणि क्रियापदाला लिंग नसतं. अस्वलाच्या कथेतला निवेदक बाई की पुरुष, हे मूळ मजकूर सांगत नाही. इंग्रजीत ते झाकून ठेवता येतं. मराठीत 'मी गेलो' की 'मी गेले' ठरवल्याशिवाय पहिलं वाक्यही लिहिता येत नाही. मनातल्या मनात अनुवाद करत वाचणाऱ्यांनी इथे आपण काय ठरवलं ते नोंदवून ठेवावं.

तिसरं, आदर. 'सान' आणि 'कुन' यांतलं अंतर साधारण 'राव' आणि 'रे' यांतलं. मुराकामीच्या कथेतल्या बेडकाला (तो पुढच्या पायरीत भेटेल) समोरचा माणूस आदराने 'सान' लावतो, आणि तो पुन्हा पुन्हा दुरुस्त करतो: 'बेडूक-कुन' म्हणा. यंत्रानुवादात हे सगळं सपाट होतं. कथेसाठी तो वापरू नका, एखाद्या शब्दापुरता ठीक.

९. मग आधुनिक कथा

आबे कोबोच्या "लाल कोष"मध्ये (१९५०) बेघर माणसाच्या पायातून धागा सुटतो, तो उसवत जातो आणि त्याचाच कोष होतो. घर झालं, राहायला माणूस उरला नाही. ही लवकर वाचून होते.

मुराकामीच्या बेडकाच्या कथेत वसुली खात्यातल्या कातागिरीच्या घरी सहा फुटांहून उंच बेडूक चहा करून वाट बघत असतो. जमिनीखालचा महाकाय किडा १८ फेब्रुवारीला तोक्योत भूकंप करणार आहे. तारखा लिहा: कोबेचा भूकंप १७ जानेवारी १९९५, तोक्योच्या भुयारी रेल्वेतला विषारी वायूचा हल्ला २० मार्च १९९५. कथा या दोहोंच्या मधोमध बसवली आहे. भूकंप घडवणाऱ्या जमिनीखालच्या नामाझु माशाची समजूत जुनी आहे. १८५५च्या एदो (तोक्योचं जुनं नाव) भूकंपानंतर त्याची चित्रं मुबलक छापली गेली.

आणि शेवटी ते अस्वल: कावाकामी हिरोमीची "कामिसामा" (१९९४). नव्या शेजाऱ्याने द्यायच्या रीतीप्रमाणे अस्वल मजल्यावरच्या सगळ्यांना सोबा खाऊ घालतं आणि दहा-दहा पोस्टकार्डं वाटतं. हल्ली माणसंही इतकी रीत पाळत नाहीत. २०११च्या फुकुशिमा अणुदुर्घटनेनंतर लेखिकेने हीच कथा पुन्हा लिहिली. सहल तीच, अस्वल तेच. फक्त आता किरणोत्सर्ग मोजावा लागतो. दोन्ही आवृत्त्या एकाच दिवशी, जुनी आधी, अशा वाचा. पहिलीत डाव्या रकान्यात अस्वल लिहिलं असेल. दुसरीत तिथे काय लिहायचं हे ठरवायला वेळ लागेल, तो घ्या.

१०. महिना संपल्यावर

उचिदा ह्याक्केनची "कुदान" शोधा. हा सोसेकीचा शिष्य, १८८९मध्ये ओकायामात जन्मलेला. पुण्यात सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान ज्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर आहे, ती याच्याच गावची. कुदान म्हणजे माणसाच्या तोंडाची गाय. ती जन्मते, भविष्य सांगते आणि तीन दिवसांत मरते. कथेत निवेदकच कुदान झालाय. माळावर माणसांचे थवे जमलेत, कुंपण घालून, कान टवकारून सगळे त्याच्या तोंडाकडे बघत बसलेत. आणि काय सांगायचं हे त्याला सुचत नाहीये.